सहाव्या वर्षी मागून येणारी दाढ

पुढचा दात हलायला लागला की अख्ख्या घराला कळतं. पोर दिवसभर जिभेनं तो ढकलत बसतं, आजोबा दोऱ्याची भीती घालतात, पडला की कुणी कौलावर फेकतं, कुणी तुळशीत पुरतं. नेमक्या याच दिवसांत त्याच तोंडात अगदी मागे एक दाढ हिरडी फोडून वर येत असते. तिच्यासाठी कुठलाही दात पडावा लागत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे रिकामी जागा असते, तिथं ती येते. वर दोन, खाली दोन, साधारण सहाव्या वर्षी. ही कायमची दाढ. गेली की पुन्हा उगवायची नाही. आणि ती आली आहे हे बहुतेक घरांत कुणाच्या गावीही नसतं.

कराडच्या एका दातांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं मदतनीस म्हणून काम करते आहे. मी डॉक्टर नाही. मॅडम खुर्चीच्या एका बाजूला बसतात, त्यांच्या समोरची जागा माझी. हातात लाळ-पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी, पुढ्यात ट्रे, आणि खुर्चीतल्या पोराशी बोलत राहणं हेही माझ्याच वाट्याचं काम. ओगलेवाडी, उंब्रज, पाटण, ढेबेवाडी, सगळीकडून माणसं येतात. त्यात आठ-नऊ वर्षांचं, गाल सुजलेलं पोर ठरलेलं. रात्रभर झोपलेलं नसतं, आईबाप कामाचा खाडा करून आलेले असतात. मॅडम तोंडात आरसा घालतात तर खालच्या जबड्यात तीच ती सहाव्या वर्षाची दाढ, मधोमध काळा खड्डा पडलेली. आई विचारते, "दुधाचीच हाय न्हवं ताई? पडंल की आपोआप." मग मॅडमना सांगावं लागतं, की ही दुधाची नव्हे, ही म्हातारपणापर्यंत पुरवायची होती. ते ऐकताना त्या बाईचा चेहरा मला बघवत नाही. म्हणून ही दाढ किडायच्या आधीच वाचवायच्या एका साध्या उपायाबद्दल हे लिहायला घेतलं.

दाढेच्या चावायच्या बाजूवर उंचवटे असतात आणि त्यांच्यामधून खाचा जातात. काही मुलांच्या खाचा उथळ, पसरट असतात, त्या ब्रशनं निघतात. काहींच्या मात्र चंबूसारख्या, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ब्रशचा एक केससुद्धा अशा खाचेत शिरत नाही, तो तिच्या तोंडापेक्षा जाड असतो. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र आरामात शिरतं. जंतू ती साखर खातात, आम्ल तयार करतात, आणि खाचेच्या तळाशी दाताचं कठीण कवच आधीच पातळ असतं. तिथून कीड आत उतरते आणि आतल्या मऊ थरात पसरत जाते. वरून बघावं तर नुसती काळी रेघ. दुखायला लागेपर्यंत आत पोखरून झालेलं असतं. आई नीट दात घासून घेत नव्हती असं म्हणून मोकळं होता येत नाही. घासूनही या खाचा साफ होत नाहीत, हे मी रोज बघते.

अमेरिकेची सीडीसी, म्हणजे तिथली सार्वजनिक आरोग्याची मोठी संस्था, सांगते की मुलांच्या कायमच्या दातांतल्या दर 10 किडींपैकी 9 मागच्या दातांत असतात. आपल्याकडे भारतीय दंत परिषदेनं 2002-03 साली देशभर पाहणी केली होती, त्यात 12 वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले निघाले. आमच्या भागात घरोघरी सकाळची सुरुवात चहा-बिस्किटानं होते, हे धरलं तर मला त्याचं नवल वाटत नाही.

या खाचा कीड लागायच्या आधीच बुजवून टाकायच्या, त्याला सीलंट म्हणतात. दाढेला कोरायचं नाही, मशीन लावायचं नाही, सुई तर नाहीच.

मे महिन्यात पाटणकडच्या एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. पोरगी पहिलीत जाणारी. तिच्या थोरल्या भावाचं रूट कॅनाल आमच्याकडेच झालं होतं, ते सगळे हाल आजींनी डोळ्यांनी पाहिलेले. खुर्चीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "थोरल्याचं झालं त्ये झालं. हिच्या दाढंला आत्ताच काय करता येतंय का बघा." दवाखान्यात दुखणं घेऊन येणारे सगळेच. दुखायच्या आधी आलेलं माणूस बघून मॅडमचा आणि माझाही दिवस चांगला गेला.

पोरीच्या खालच्या दोन्ही दाढा पूर्ण वर आलेल्या होत्या. मॅडमनी आधी छोट्या ब्रशनं त्या स्वच्छ केल्या. मग माझं काम सुरू झालं. एक कापसाची सुरळी गालाच्या बाजूला, एक जिभेच्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये दाढ एकटी, कोरडी राहिली पाहिजे. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात लाळ किती सुटते आणि जीभ किती चुळबुळ करते, हे ज्यानं धरून बघितलंय त्यालाच कळेल. जीभ दाबायची नाही, दाबली की ओकारी येते. आरशाच्या पाठीनं ती नुसती बाजूला थोपवायची. पोरीला मी सांगितलं, "बाळा, नाकानं श्वास घे, आणि माझ्या हाताकडं बघ."

मग निळं जेल. ते फॉस्फोरिक ॲसिड असतं, 37 टक्क्यांचं. खाचांवर ते घालून वीसेक सेकंद थांबायचं, मग आधी सक्शननं ओढून घ्यायचं आणि नंतर पाण्यानं धुवायचं. थेट पाणी मारलं तर जेल जिभेवर उडतं, आंबट लागतं आणि पोर तोंड मिटतं. धुतल्यावर हवेनं वाळवलं की दाढेची चकाकी गेलेली दिसते, ती पांढरीफटक, निस्तेज दिसायला लागते. हे दिसलंच पाहिजे. ॲसिडनं दाताच्या पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात, पुढचा पातळ द्रव त्यांत शिरून घट्ट धरतो. ओल्या झालेल्या सुरळ्या याच वेळी बदलाव्या लागतात, आणि बदलताना त्या पांढऱ्या दाढेला लाळेचा थेंबही लागता कामा नये. लागला तर परत ॲसिडपासून सुरुवात. त्या दहा-पंधरा सेकंदांत मी आणि मॅडम कुणीच बोलत नाही.

मग बारीक टोकाच्या नळीतून सीलंट खाचांमध्ये सोडतात, टोकदार सळईनं ते हलकेच फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. वर निळा लाइट, वीस सेकंद. पोरीनं माझ्याबरोबर वीसपर्यंत आकडे म्हटले, म्हणजे तिनं घशातून आणि मी तोंडानं. लाइट बंद झाला तेव्हा सीलंट कडक झालेलं होतं. मॅडमनी सळईनं ते उचकटून बघितलं, निघालं नाही. वरचा चिकट थर कापसानं पुसून घेतला, चूळ भरायला लावली, निळा कागद ठेवून चावायला सांगितलं. आजी विचारत होत्या, "झालं? सुई न्हाई टोचली?" पोरगी आरसा मागून घेऊन तोंडात बघत बसली होती.

तिच्या वरच्या दाढांची गोष्ट वेगळी होती. त्या अर्ध्याच वर आल्या होत्या, मागच्या भागावर हिरडीचा पदर अजून होता. दाढ पूर्ण वर यायला कधी कधी वर्षभरही जातं. या काळात ती बाकीच्या दातांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो, समोरच्या दाढेशी घासही चावला जात नाही, म्हणून मळ तसाच बसून राहतो. सगळ्यात धोक्याचा काळ हाच. पण हिरडी अशी वर असताना दाढ कोरडी ठेवता येत नाही आणि ओल्यावर ते पहिलं सीलंट धरत नाही. अशा वेळी ग्लास आयोनोमर सिमेंट लावतात. पावडर आणि लिक्विड मी कागदी पॅडवर घोटून देते, झटपट, कारण ते लगेच घट्ट होतं. मॅडम व्हॅसलीन लावलेल्या बोटानं ते खाचांत दाबून बसवतात. थोडा ओलावा त्याला चालतो, आणि त्यातून दाताचं कवच कणखर करणारं फ्लोराइड हळूहळू सुटत राहतं. ते लवकर झिजतं हे खरं, पण दाढ पुरती वर येईपर्यंतचा काळ निभावून नेतं. म्हणून कुणी तुम्हाला "दाढ पूर्ण आली की मग बघू" असं सांगितलं, तर तोवर काय करायचं तेही विचारा.

मॅडम फावल्या वेळात मला यामागचा इतिहास सांगतात, तो मला फार आवडतो. शंभर वर्षांपूर्वीही डॉक्टरांना माहीत होतं की कीड या खाचांतच लागते. 1923 साली हायट नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं उपाय सुचवला तो असा, की चांगली दाढ किडायच्या आधीच कोरायची आणि तिच्यात चांदी भरून टाकायची. धडधाकट दाढेला कोरायचं, कारण चिकटवायचा मार्गच नव्हता, दाताला काही चिकटतच नसे. तो मार्ग मायकेल बुओनोकोर यांनी शोधला. कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं आणि 1955 साली प्रसिद्ध केलं. पुढे 1967 मध्ये त्यांनी आणि क्युएटो यांनी मिळून खाचा बुजवून कीड थांबते हे दाखवलं. तेव्हाचं सीलंट झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या जातीचं होतं, ते तोंडात टिकेना. मग राफेल बोवेन यांनी तयार केलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं कडक होणारं द्रव्य, त्या जागी आलं, आणि आजही बहुतेक सीलंटच्या मुळाशी तेच आहे. म्हणजे माझ्या ट्रेमधल्या त्या निळ्या जेलला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि एवढ्या वर्षांनंतरही कराडच्या बाजारपेठेत दहा आयांना विचारलं तर नऊ जणींनी सीलंट हा शब्द ऐकलेला नसेल. याचं मला वाईट वाटतं.

आयांना पडणारे प्रश्न खरे असतात, ते झटकून टाकू नयेत. पहिला प्रश्न, आत कीड राहिली आणि वरून बुजवलं तर? खड्डा पडला असेल तर सीलंट करत नाहीत, दाढ साफ करून सिमेंट भरतात. पण नुसती सुरुवात असेल, खड्डा नसेल, तर सीलंट केलेलं चांगलंच. आतल्या जंतूंचं अन्नपाणी तुटतं आणि कीड तिथंच थांबते. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी 2016 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. दुसरा प्रश्न, हे प्लास्टिक पोटात जातं का? रेझिनमधून अगदी किंचित काही सुटतं, ते मुख्यतः लाइटनं न सुकलेल्या वरच्या थरातून. म्हणून तो थर पुसायचा आणि चूळ भरून थुंकायला लावायचं. मॅडम हे कधीच चुकवत नाहीत. तुमचे डॉक्टर विसरले तर तुम्ही चूळ मागा. तिसरा प्रश्न पैशांचा. आमच्याकडे एका दाढेच्या सीलंटला काही शे रुपये लागतात. तीच दाढ पुढे किडली तर रूट कॅनाल आणि कॅप मिळून काही हजार, शिवाय चार वेळा एसटीनं येणं-जाणं, शाळा बुडणं, मजुरी बुडणं.

उपयोग किती होतो, तेही सांगते. जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा 2017 चा आढावा आहे. सीलंट न केलेल्या 100 दाढांपैकी दोन वर्षांत 40 किडत असतील, तर रेझिनचं सीलंट केल्यावर त्या 6 च्या आसपास येतात. सीडीसीच्या म्हणण्याप्रमाणे पहिली दोन वर्षं मागच्या दातांतली 80 टक्के कीड टळते, आणि चार वर्षांपर्यंत निम्मी.

पण सीलंटनं फक्त वरच्या खाचा बुजतात. दोन दाढांच्या मधल्या फटीत लागणारी कीड त्यानं थांबत नाही. तिथं फ्लोराइडची पेस्ट लागते, रात्री झोपताना ब्रश लागतो, आणि रात्री ब्रश झाल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची मिश्री पोरांच्या दातांना लावू नका, ती तंबाखू आहे. आणि नवी दाढ घासताना ब्रश समोरून आत घालू नका, तो तिच्यापर्यंत पोचत नाही. पोराला तोंड थोडं मिटायला सांगा, गालाच्या बाजूनं ब्रश आडवा आत घ्या आणि त्या एका दाढेवर वेगळा फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत हे आईनं किंवा बापानं स्वतःच्या हातानं करायचं.

केलेलं सीलंट कधी कधी थोडं निघतं. दर सहा महिन्यांनी दाखवलं तर निघालेल्या जागी परत लावता येतं, पाच मिनिटांचं काम. आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास याच दाढांच्या मागे आणखी चार येतात, त्यांनाही हेच करायचं. तोवर मूल सहावी-सातवीत असतं, तोंड उघडून दाखवायला लाजतं, आईचा हात ब्रशवरून केव्हाच सुटलेला असतो. सहाव्या वर्षाच्या दाढांना सीलंट करून घेतलेले लोकही बाराव्या वर्षी विसरतात. फोनमध्ये तारीख टाकून ठेवा.

डॉक्टर निवडताना एक गोष्ट बघा, असं मी आवर्जून सांगेन. सीलंट करताना डॉक्टरांच्या समोर दुसरं माणूस उभं आहे का? एकट्या माणसानं एका हातानं जीभ थोपवायची, दुसऱ्या हातानं लाइट धरायचा, आणि सक्शन? 2009 मध्ये अमेरिकेत शाळांमधल्या सीलंट कार्यक्रमांसाठी तज्ज्ञांनी शिफारशी तयार केल्या, त्यात शक्य असेल तिथं हे काम चार हातांनी करा असं म्हटलं आहे, कारण तसं केलेलं सीलंट जास्त टिकलेलं आढळलं. मॅडमनी मला ते वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या कामाला कुठली पदवी नाही, पण दाढ कोरडी राहिली की सीलंट राहतं, आणि दाढ कोरडी मी ठेवते.

त्याच शिफारशींत आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूल पुन्हा तपासणीला येईल की नाही याची खात्री नसली तरी सीलंट करा. कारण सीलंट निघून गेलेल्या दाढेला, कधीच सीलंट न केलेल्या दाढेपेक्षा जास्त कीड लागत नाही. म्हणजे ते टिकलं तर फायदा, गेलं तरी तोटा नाही. हे मी ऐकलं तेव्हा मला ऊसतोडीची पोरं आठवली.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर पोरं. फडात दिवसभर ऊस हातात, भूक लागली की ऊस, आणि पहाटे आईबाप निघताना कोरा चहा. उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या परत जातात, त्यामुळे सहा महिन्यांनी दाखवायला या हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. शाळेतल्या तपासणीतून ही पोरं सहज निसटतात, कारण तपासणीच्या दिवशी ती कुठल्या गावात असतील सांगता येत नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याच्या तपासणीत दातांची कीडही आहे, आणि ती पथकं खरंच काम करतात, त्यांनी पाठवलेली मुलं आमच्याकडे येतात. पण कीड शोधून काढणारी तपासणी होते तेव्हा कीड लागून गेलेली असते. चांगल्या दाढेवर काम करायला कुणीतरी वेगळं जावं लागतं.

मॅडमची तयारी आहे, माझीही आहे. या मुलांना आम्ही ग्लास आयोनोमरच लावणार, कारण तिथं सक्शन नाही, दाढा अर्धवट आलेल्या असतात, आणि भेट एकदाच होणार. त्याला लाइटही लागत नाही. एका पोराला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. कारखान्यावर काम करणारं, साखरशाळेत शिकवणारं, किंवा मुकादमांशी ओळख असणारं कुणी हे वाचत असेल, तर येत्या हंगामात आम्हाला एक रविवार ठरवून द्या. सावलीची खोली, दोन बाकं जोडून झोपवायला जागा, स्वच्छ पाण्याची घागर आणि खिडकीतून येणारा उजेड एवढं बास. बाकीचं सामान आम्ही आणू. आणि पाच ते आठ वर्षांची पोरं त्या दिवशी फडावर न नेता मागे ठेवायला आईबापांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण पहाटे चारला टोळी निघून गेली की मग सांगायला कुणी भेटत नाही.